माझे धडधाकट पाय

हे बाहेर कुठे बोलायचं नाही, असं घरून सक्त बजावलेलं आहे. आता आमच्या घरात मी एकटाच राहतो, म्हणजे बजावणारा मीच आणि मोडणाराही मीच. तेव्हा ऐका. माणूस गाढवपणा करतो, त्याला काही सीमा असते की नाही? मला वाटायचं, असते. यंदाच्या सव्वीस जानेवारीला कळलं, नसते!

मी सुधाकर पालव. वय सदुसष्ट. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात छत्तीस वर्षं स्टोअरकीपर होतो. राहतो डोंबिवली पूर्वेला. मुलगी स्मिता घोडबंदर रोडला, एकविसाव्या मजल्यावर. एकाच जिल्ह्यात आहोत हो आम्ही! पण तिथला ट्रॅफिक बघता, इथून गावाला कणकवलीला निघालेला माणूस आधी पोचेल. म्हणून ती रविवारी व्हिडिओ कॉल करते. मी फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवतो आणि "मजेत आहे" म्हणतो. ती पण "मजेत" म्हणते. मग दोघंही डब्याच्या झाकणाकडे बघत बसतो.

बायकोला, नलिनीला, जाऊन दीड वर्ष झालं. शेवटची दोन वर्षं ती व्हीलचेअरवर होती. तिच्या साड्या स्मिताने नेल्या, औषधं मी टाकून दिली, पण खुर्ची राहिली. हॉलमध्ये, टीव्हीसमोर. दुमडून ठेवली की अडगळ वाटायची, उघडून ठेवली की रिकामी वाटायची. शेवटी मन घट्ट केलं आणि कल्याणच्या एका संस्थेला फोन लावला. ते जुन्या व्हीलचेअर नेऊन गरजूंना देतात.

"काका, आमचा टेम्पो उद्या येईल," तिकडची मुलगी म्हणाली.

"अहो, आमची गल्ली खणून ठेवलीय. काँक्रीटचं काम चालू आहे. टेम्पो येणार कुठून?"

"मग बागेच्या गेटपाशी आणून ठेवा. पाच वाजता."

ठेवली. नोव्हेंबरचं ऊन, पण चांगलं चटचटतं. खुर्ची ढकलत, खड्डे चुकवत बागेच्या फाटकाशी गेलो. पाच वाजले, सव्वापाच वाजले. टेम्पोचा पत्ता नाही. फूटपाथवर बसायला काही नाही. आणि समोर चांगली गादीची खुर्ची! तुम्ही काय केलं असतंत?

बसलो.

सीटवर नलूची शाल होती. ती घेतली मांडीवर. पाय ठेवले पायदानावर. इथपर्यंत काय चुकलं सांगा बघू? काही चुकलं नाही.

आता त्या फाटकाची रचना तुम्हाला सांगायलाच हवी. आधी तीन पायऱ्या. त्या चढलात की लोखंडी पाइपांचा नागमोडी बोळ. मोटारसायकली आत शिरू नयेत म्हणून केलेला. मोटारसायकली आरामात शिरतात! बाळाची गाडी अडते, काठी घेतलेला म्हातारा अडतो, आणि व्हीलचेअर तर पहिल्या पायरीलाच संपते. शेजारी मोठं फाटक आहे, त्याला कुलूप. किल्ली ठेकेदाराकडे. ठेकेदार कुठे, ते कुणालाच माहीत नाही.

तर मी बसलेलो. एवढ्यात मागून एक दणदणीत आवाज आला. "काका, आत जायाचंय ना?"

वळून बघतो तर सहा फुटी गडी, पांढऱ्या मिशा, गळ्यात रुमाल. हे भोईर मामा. मूळचे इथले, गावठाणातले. बागेत संध्याकाळी वयस्कर मंडळींचा 'हसतमुख कट्टा' भरतो, त्याचे पुढारी.

मी म्हटलं, "नाही नाही, मी आपला टेम्पोची..."

"लाजता कशाला? ए, या रे चौघं!"

"अहो, ऐका तरी, मी..."

"काय बोलू नका. आपल्या बापाला उचलला असता का नाय आपन?"

आणि मंडळी, मी वर! चार जणांनी खुर्चीसकट मला उचलला, पायऱ्यांवरून, पाइपांवरून, आणि नेऊन ठेवला थेट कट्ट्याच्या मधोमध. लग्नात नवरदेवाला मामा उचलतात ना, तसा. फरक एवढाच की नवरदेवाला आपलं लग्न आहे हे माहीत असतं.

मी उठणार होतो. देवाशपथ उठणार होतो! हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवलेसुद्धा. तेवढ्यात एका बाईंनी माझ्या हातात चहाचा कप दिला. लेले बाई, निवृत्त शिक्षिका. म्हणाल्या, "घ्या. आल्याचा आहे. आपलं नाव काय?"

आपलं नाव काय.

तुम्हाला हे कसं समजावून सांगू? त्या बागेत मी वर्षभर रोज येत होतो. चालत. याच कट्ट्यासमोरून रोज चार फेऱ्या मारत होतो. एकानेही मला ओळखलं नाही. ओळखणार कसे, कधी पाहिलंच नव्हतं. चालणाऱ्या म्हाताऱ्याकडे कोण बघतं? आणि त्या संध्याकाळी अर्ध्या तासात अकरा जणांनी माझं नाव विचारलं. एकाने गाव विचारलं. एकाने तर जेवायला काय आवडतं ते विचारलं. मला आठवेना! दीड वर्षात कुणी विचारलंच नव्हतं.

मधेच टेम्पोवाल्याचा फोन आला. "काका, शिळफाट्याला अडकलोय. आज काय होत नाय. उद्या येऊ?"

मी म्हटलं, "नको. मी कळवतो."

बस्स. चूक झाली ती इथे.

घरी सोडायला सगळे निघाले. मी गल्लीच्या तोंडाशी सगळ्यांना हात जोडले, "इथून जातो मी, हात धड आहेत माझे." कोपऱ्यावर विजेचा मोठा डीपी बॉक्स आहे. त्याच्या मागे गेलो, उभा राहिलो, खुर्ची दुमडली आणि काखेत मारून दोन जिने चढून घरी. दुसऱ्या दिवशी पाच वाजता उलटा कार्यक्रम. जिने उतरायचे, डीपीच्या मागे बसायचं, आणि मग चाकं फिरवत बागेकडे. दोन महिने मी त्या डीपीच्या मागे लुळा व्हायचो आणि त्याच्याच मागे बरा व्हायचो. तिथे झोपणारा एक कुत्रा तेवढा साक्षीदार. तो कधी काही बोलला नाही.

मी मनाशी रोज म्हणायचो, आज सांगून टाकू. पण रोज काहीतरी व्हायचं. एके दिवशी लेले बाईंनी माझ्यासाठी अळूवड्या आणल्या. अळूवड्या खाता खाता "मला चालता येतं" असं कोणत्या तोंडाने सांगणार? दुसऱ्या दिवशी एकाचा नातू पास झाला. तिसऱ्या दिवशी माझाच वाढदिवस निघाला! मलाही लक्षात नव्हतं. स्मिताचा फोन नंतर आला, केक आधी आला.

आणि उचलणं रोज. माझं वजन चौऱ्याहत्तर किलो, वर अळूवड्या. एके दिवशी मला खाली ठेवताना भोईर मामांच्या कमरेतून कट् असा आवाज आला. दुसऱ्या दिवसापासून ते कमरेला पट्टा बांधून यायला लागले. पट्टा बांधून मलाच उचलायला!

"मामा, राहू दे," मी कळवळून म्हणालो.

"राहू दे कसं? तुमी बाहेर बसनार आन आमी आत हसनार? ते काय हसनं हाय?" मग त्यांनी कट्ट्याकडे वळून घोषणाच केली. "ह्या पायऱ्याच काढून टाकायच्या. काकांची गाडी सरळ आत आली पायजे!"

झालं. लेले बाईंनी अर्ज लिहिला. "आमचे ज्येष्ठ दिव्यांग सदस्य श्री. सुधाकर पालव यांस होणारा त्रास..." बाईंनी आयुष्यात ऱ्हस्व-दीर्घाची चूक केली नाही, आणि माझ्यामुळे पहिल्याच ओळीत धडधडीत खोटं लिहून बसल्या. सह्यांच्या दोन वह्या भरल्या. मॉर्निंग वॉकवाले, योगावाले, भेळवाला, सगळ्यांनी सह्या केल्या. सगळे वॉर्ड ऑफिसला गेले. मला पुढे ठेवून! ते ऑफिस पहिल्या मजल्यावर, लिफ्ट बंद. पुन्हा उचलला.

आता कुणीतरी सुचवलं की, आपल्या अर्जाला अजून जोर हवा. बागेमागच्या सोसायटीत मेघना कांबळे राहते, बँकेत आहे, लहानपणापासून व्हीलचेअर वापरते, तिला बोलवू या. "पालवकाकांना पण सोबत होईल," लेले बाई म्हणाल्या.

सोबत! मला!

मेघना आली. पस्तिशीची असेल. बँकेचं कार्ड गळ्यात, केस बांधलेले, आणि खुर्ची अशी सफाईने फिरवायची की रिक्षावाल्याने शिकावं. भोईर मामांनी आम्हा दोघांना फाटकाबाहेर समोरासमोर उभं केलं, म्हणजे बसवलं, आणि "बोला तुमी तुमचं" म्हणून मंडळी पाइपांची मापं घ्यायला गेली.

तिने माझ्याकडे बघितलं. मग खाली बघितलं.

"काका, तुमच्या चपलांना चिखल लागलाय."

मी बघितलं. लागलेला. आमच्या गल्लीचा, खणलेल्या रस्त्याचा, ताजा.

"आणि टाच झिजलीय उजवीकडची," ती शांतपणे म्हणाली. "माझ्या चपला बघा. चार वर्षं झाली घेऊन. अजून दुकानातल्यासारख्या आहेत."

छत्तीस वर्षं स्टोअर सांभाळलं, एक खिळा इकडचा तिकडे झाला नाही. आणि चपला विसरलो!

"अगं," मी म्हटलं, आणि मग सगळंच बाहेर पडलं. टेम्पो, शाल, चहा. नलूचं पण सांगितलं. तिला एकदा याच बागेत आणलेलं. या पाइपांपाशी दहा मिनिटं झटापट केली, खुर्ची काही जाईना. ती म्हणाली, "राहू दे हो, इथूनही दिसते झाडं." पुन्हा आम्ही आलो नाही. तिच्यासाठी मी एका ओळीचा अर्ज केला नव्हता. सुचलंच नाही. आपली बाग नाही असं धरून चाललो. आणि आता माझ्या धडधाकट पायांसाठी दोन वह्या सह्या.

ती ऐकत होती. राग आलेला दिसत होता. यायलाच हवा होता.

"काका, मी चार वर्षं एकटी अर्ज देतेय," ती म्हणाली. "माझ्या नावाने. दर वेळी उत्तर एकच. मागणी करणारी व्यक्ती एकच असल्याने विचार करता येत नाही. चार वर्षांत या बागेतल्या एकाही माणसाने मला, आत यायचंय का, असं विचारलं नाही. मी रोज संध्याकाळी इथूनच बँकेतून घरी जाते."

"मी आत्ताच्या आत्ता उठतो," मी म्हणालो. "सगळ्यांना सांगतो."

"खबरदार!"

मी दचकलो.

"आता उठायचं नाही. रॅम्प होईपर्यंत मुळीच उठायचं नाही. तुम्ही उठलात की हे सगळे चिडून घरी जाणार, फाइल बंद होणार, आणि मी पुढची चार वर्षं परत एकटी. तुम्ही बसलायत ना? मग आता नीट बसा. आणि पाय असे हलवू नका, ताल धरल्यासारखे!"

तेव्हा बघा मंडळी, आधी मी खोटा बसलेलो, आता हुकमाने खोटा बसलो.

डिसेंबरच्या शेवटी ठेकेदार उगवला. पायऱ्यांच्या एका बाजूला त्याने दोन दिवसांत रॅम्प उभा केला. उभाच म्हणायचा! शाळेतली घसरगुंडी त्यापेक्षा सौम्य असते. मेघनाने बघितला आणि कपाळाला हात लावला. "एक फूट चढायचं तर बारा फूट लांबी लागते. हा चार फुटांत तीन पायऱ्या चढवतोय."

वॉर्ड ऑफिसचे इंजिनिअर साहेब पान चघळत म्हणाले, "मॅडम, जातं हो आरामात. ट्राय तर करा."

आणि ट्रायला कोण? मी!

भोईर मामा पट्टा आवळून मागे उभे राहिले. "जय हनुमान" म्हणून त्यांनी ढकलला. चढला, चढला, अगदी टोकापर्यंत चढला. आणि वरती मामांची कंबर पुन्हा बोलली. कट्! हात सुटले.

मी उलटा. रस्त्याच्या दिशेने. पाठमोरा!

आता माझी अवस्था लक्षात घ्या. पाय टेकवले तर चमत्कार, नाही टेकवले तर अपघात. पायाचे अंगठे नुसते शिवशिवत होते. बाजूला फूटपाथवर मेघना डोळे वटारून बघतेय, "खबरदार". मी दोन्ही पाय वर धरले, डोळे मिटले आणि नलूचं नाव घेतलं. खुर्ची धडधडत उतरली, फूटपाथ ओलांडला आणि भेळवाल्याच्या कुरमुऱ्यांच्या गोणीत जाऊन रुतली. लोक धावले. कुणी माझ्या डोक्यावरचे कुरमुरे झटकतंय, कुणी पाणी देतंय. भेळवाल्याने तर "काका, तिखट की गोड?" असंच विचारलं, सवयीने.

इंजिनिअरचं पान मात्र गिळलं गेलं. रॅम्प फोडला. नवा केला, लांब, वळण घेऊन, दोन्ही बाजूंना धरायला दांडे. पाइप कापले. मोठ्या फाटकाचं कुलूपसुद्धा तोडलं. काम चालू असताना मेघना रोज ऑफिसातून येता येता टेप लावून मापं घ्यायची आणि मी बसल्या बसल्या वहीत लिहायचो. गवंडी तिला बघितलं की ओळंबा काढायचे. आणि पहिल्या दिवशी ती स्वतःच्या हाताने चाकं फिरवत, कुणाचंही बोट न धरता, सरळ आत गेली. कडुलिंबाखाली जाऊन थांबली. बराच वेळ पाठमोरीच होती. मी पण हाक मारली नाही.

मग आला सव्वीस जानेवारी. सकाळी आठला बागेत झेंडावंदन, लगेच रॅम्पचं उद्घाटन. मेघना आदल्या दिवशी म्हणाली, "उद्या शेवटचं. कार्यक्रम झाला की आपण दोघं मिळून सगळ्यांना नीट बसवून सांगू. मी असेन बरोबर." मला कितीतरी हलकं वाटलं.

पहिल्या रांगेत आम्ही दोघं. माझ्या मांडीवर नारळ, गळ्यात झेंडूचा हार. प्रमुख पाहुणे म्हणून कुणी साहेब आलेले, पांढरे कडक कपडे, मागे सात-आठ जण मोबाइल धरून. झेंडा उलगडला. फुलं पडली. आणि स्पीकरवर सुरू झालं, "जन गण मन..."

आणि मी उभा राहिलो.

अहो, विचार करून कोण उभं राहतं? शाळेपासूनची सवय! छत्तीस वर्षं कारखान्यात झेंडावंदनाला पहिल्या रांगेत मी. सूर कानात गेला आणि पाय आपोआप सरळ. टाचा जुळल्या, छाती पुढे, नारळ डाव्या हातात. कडक सावधान!

पंजाब-सिंधपर्यंत मला काही कळलंच नाही. मग बाजूने दात आवळून आवाज आला. "काका. बसा."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पण बसू कसा? राष्ट्रगीत चालू आहे! मधेच खाली बसायचं? मी ओठ न हलवता म्हणालो, "आता कसा बसू?"

"अरे देवा!" मेघना म्हणाली.

बावन्न सेकंद, मंडळी. सगळी बाग सावधान. कुणाला हलता येत नाही, कुणाला ओरडता येत नाही. फक्त डोळे फिरतायत. सगळे डोळे माझ्या पायांवर. लेले बाईंचा चष्मा माझ्या पायांवर. भोईर मामा गाता गाता थांबलेले, तोंड उघडंच. आयुष्यात इतक्या लोकांनी माझ्याकडे एकदम कधी बघितलं नव्हतं, आणि मी देवाकडे एकच मागत होतो, कुणीही बघू नये.

"जय हे" झालं. मग मागून एक आजीबाई किंचाळल्या, "चमत्कार झाला गं बाई!"

टाळ्या! शिट्ट्या! पाहुणे साहेब क्षणात माईकवर. "बघा बंधू-भगिनींनो! हा आपल्या रॅम्पचा पायगुण! अजून फीत कापली नाही तोवर..." सात-आठ मोबाइल माझ्यावर. आजीबाई तर रॅम्पला हात लावून नमस्कार करायला गेल्या.

खरं सांगू? वाचलो होतो मी. गप्प बसलो असतो तर जन्मभर चमत्कारावर खपून गेलं असतं. पण भोईर मामा पुढे आले, कमरेला तो पट्टा, आणि डोळ्यांत पाणी. माझे दोन्ही खांदे धरले. "काका, तुला चालता येतंय? खरंच येतंय?"

त्या माणसाला कसं फसवायचं?

"मामा," मी म्हणालो, "मला पहिल्यापासून येतंय."

त्यांना समजायला वेळ लागला. मग त्यांनी हळूच खांद्यांवरचे हात काढून घेतले. पट्टा सोडला, घडी घातली, बगलेत धरला आणि नव्या रॅम्पवरून उतरून निघून गेले. लेले बाई जवळ आल्या, त्यांना भराभर सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता अर्जातल्या खोट्याबद्दल बोलणार. त्या म्हणाल्या, "तुम्ही वर्षभर आमच्यासमोरून चालत होतात म्हणता. आम्ही नाही बोललो, चुकलं आमचं. पण पालव, तुम्ही तरी एकदा थांबून नमस्कार केलात का हो?"

नव्हता केला. एकदाही.

मेघनाने माझी बाजू मांडायचा प्रयत्न केला. "मी यांना थांबवलेलं, माझा पण दोष आहे." पण तोवर कट्टा पांगला होता. मी नारळ तिथेच ठेवला, खुर्ची दुमडली आणि काखेत मारून सगळ्यांसमोर चालत घरी आलो. या वेळी डीपीमागे जायची गरज नव्हती.

दुपारी बाराला बेल वाजली. दार उघडतो तर स्मिता! केस विस्कटलेले, घरातल्याच चपला. तो व्हिडिओ फिरत फिरत तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेलेला, पण अर्धाच. मी हार घालून व्हीलचेअरवर बसलोय, एवढाच. तिने मला दारात उभं बघितलं आणि तिथेच रडायला लागली.

"बाबा, तुम्ही... मला वाटलं, तुम्हाला झटका आला आणि तुम्ही मला सांगितलंच नाही!"

सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग चिडली, मग पुन्हा रडली. "इतकं एकटं वाटत होतं तर मला फोन करून सांगता येत नव्हतं?"

"काय सांगायचं? फोन करून म्हणायचं, मला एकटं वाटतंय?"

"हो!" ती ओरडली. "अगदी हेच म्हणायचं!"

त्या दिवशी ती राहिली. आम्ही पिठलं-भात खाल्ला. घोडबंदरहून ती सव्वा तासात आलेली. म्हणजे येता येतं, हे दोघांनाही तेव्हा कळलं.

पुढच्या आठवड्यात टेम्पो आला आणि खुर्ची घेऊन गेला. मी बागेकडे फिरकलो नाही. कुठल्या तोंडाने जाणार? भोईर मामांच्या घरी माफी मागायला गेलो, तर आतून आवाज आला, "पाठ बरी झाल्यावर बोलू." परवा त्यांना घराच्या पायरीवर सिमेंटची गोणी चढवताना लांबून बघितलं. पाठ बरी दिसते. पण मी काही गेलो नाही.

दहाव्या दिवशी मेघनाचा फोन आला. आवाजात ना राग, ना दया.

"काका, रविवारी मोकळे आहात?"

"मी रोजच मोकळा आहे गं."

"मग टेप आणि वही घेऊन या. आपल्या रॅम्पबद्दल ऐकून कल्याणच्या एका बागेतल्या लोकांनी बोलावलंय. मापं घ्यायची आहेत. मी सांगेन, तुम्ही लिहायचं. आणि चालत यायचं!"

गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. कल्याणच्या त्या बागेचं फाटक आमच्यापेक्षा भारी. चार पायऱ्या! मी टेप लावून वाकलो होतो, तेवढ्यात तिथला वॉचमन आला. त्याने मेघनाकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं, आणि लोक नेहमी करतात तसंच केलं. तिला सोडून मलाच विचारलं, "साहेब, मॅडमना काय झालंय?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण मेघना आधी बोलली.

"मला काही नाही झालं," ती म्हणाली. "ह्यांना एकट्याला घराबाहेर पडता येत नाही. म्हणून मी घेऊन येते."

वॉचमनने माझ्याकडे फार दयेने पाहिलं. धावत जाऊन स्वतःचं स्टूल घेऊन आला. "बसा काका, बसा."

आणि मी, चांगला दोन धडधाकट पायांवर उभा, काय बोललो असेन?

"थँक्यू," म्हटलं, आणि बसलो.